बावीस ग्रॅम कुठं गेले?

"वजन कमी भरलं की आधी झाकणाकडं बघायचं, मग माणसाकडं," असं लिंबाजी सर एकदा म्हणाले होते.

तेव्हा ते लातूरच्या गंजगोलाई बाजारामागच्या बोळात, निजामोद्दीनच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. मांडीवर पितळी पारड्यांचा जुना तराजू. निजामोद्दीनला वाटलं, गिऱ्हाईक आपल्यावरच संशय घेतंय.

"साब, तीन पिढ्या झाल्या, आमी काटेच दुरुस्त करून राहिलो. माणसाकडं बघायचं असंल तर बघा, हा बसलोय समोर."

"तुमचं न्हाई ओ, भाई. मी केमिस्ट्री शिकवतो. पोरांना सांगायचं वाक्य हाय ते."

केमिस्ट्रीच्या मास्तराला तराजू कशाला लागतो, हे निजामोद्दीनला त्या दिवशी कळलं नाही. त्यानं दांडीच्या मधल्या दोन्ही बाजूंचे स्क्रू सैल केले, गंज खरवडला, दोन थेंब तेल सोडलं आणि रिकाम्या पारड्याला बोटानं टिचकी मारली. दांडी डुलली. बराच वेळ डुलत राहिली. घरातल्या कुणीतरी वर्षभराचा अबोला सोडावा आणि आपण ऐकत राहावं, तसे सर तिच्याकडे बघत राहिले.

तो तराजू त्यांच्या वडिलांचा. शेषेराव मापाडी हदगावच्या मोंढ्यात तीस वर्षं कापूस आणि सोयाबीन जोखत होते. प्रत्येक जोखणीआधी ते पारड्याला बोट लावत. दांडी डुलली तरच माप टाकत. एवढी एक सवय त्यांनी मुलाला दिली आणि वर हा तराजू. बाकी सगळं मुलानं नांदेडला जाऊन मिळवलं: बीएस्सी, एमएस्सी, बीएड, आणि एका बिनअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावरची अकरा वर्षं. तासिका तत्त्व म्हणजे मास्तर जेवढा वेळ बोलतो तेवढाच वेळ तो अस्तित्वात असतो. दिवाळीत आणि उन्हाळ्यात लिंबाजी सर अस्तित्वात नसत. पुढं ते लातूरला आले, कारण लातुरात क्लासचा मास्तर बारा महिने अस्तित्वात असतो. रविवारी जरा जास्तच.

निजामोद्दीनचं दुकान त्यानंतर फार दिवस टिकलं नाही. इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि तराजू भंगारात गेले. भंगारवाल्यानंही ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर जोखून घेतले. मग लिंबाजी सरांनीच निजामोद्दीनला आपल्या क्लासमध्ये आणलं. क्लासचं नाव अचूकवेध अकॅडमी. कामाचं नाव लॅब अटेंडंट. लॅब म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखालची एक खोली. एक फरशीचं टेबल, एक नळ, काचेच्या काही बाटल्या, तो तराजू आणि ही दोन माणसं.

अचूकवेधमध्ये मास्तरांना नावं नसत, अक्षरं असत. फिजिक्सचे पीके सर, बायोलॉजीचे एमडी सर. लिंबाजी शेषेराव हे एलएस झाले. चौकातल्या फलकावर त्यांचा हात बांधून उभा फोटो लागला आणि खाली लिहिलं होतं, 'रसायनांचा रणगाडा'. हदगावहून आलेल्या वडिलांनी तो फलक रिक्षातून पाहिला होता. ते एवढंच म्हणाले, "कोट कुणाचा रं?"

कोट क्लासचा होता. निळा, चमकणारा, सगळ्या मास्तरांच्या फोटोसाठी एकच.

क्लासचे मालक वैजनाथ सर. ते स्वतः कधी काही शिकवत नसत, पण शहरातल्या प्रत्येक फलकावर तेच सगळ्यात मोठे होते. त्यांनी समीकरण संतुलित करण्याची एक युक्ती काढली होती, 'तीन सेकंद मेथड'. चार पर्यायांत ज्याच्यात आकडे सगळ्यात मोठे, तो पर्याय लावायचा. दहांत सहा वेळा बरोबर येतं, असं त्यांनी मागच्या प्रश्नपत्रिका मोजून सिद्ध केलं होतं.

"आणि उरलेले चार?" लिंबाजी सरांनी एकदा विचारलं.

"एलएस, सहावर जगा हो. पोराला ॲटम मोजायचा न्हाई, सीट मोजायची हाय."

लिंबाजी सर मात्र अणूच मोजायला लावत. नववीच्या फाउंडेशन बॅचला ते पहिले तीन दिवस वहीच उघडू देत नसत. पहिल्या दिवशी पोरं दहा-दहाच्या गटानं वरच्या खोलीत जायची. तराजूच्या एका पारड्यात पातेलं. त्यात पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत. पातेल्याशेजारी कागदाच्या पुडीत पन्नास ग्रॅम खायचा सोडा. दुसऱ्या पारड्यात मापं. सर पारड्याला बोट लावत, दांडी डुलून सरळ थांबे. मग पुडीतला सोडा पातेल्यात. फस्सकन फेस उठायचा, पोरं ओरडायची, फेस बसायचा; आणि पातेल्याचं पारडं हळूहळू वर जायचं. मापं काढून बघितलं तर बावीस ग्रॅम कमी. कधी एकवीस, कधी तेवीस.

"कुठं गेले?" सर विचारत.

उत्तरं दरवर्षी तीच. फेसात गेलं. वाळलं. एकानं दबक्या आवाजात सांगितलं होतं, "चाचानं काढलं." तेव्हा निजामोद्दीननं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले होते.

सर उत्तर सांगत नसत. घंटा झाली की म्हणत, "रात्रभर शोधा." क्लासमध्ये हाच सगळ्यात मोठा गुन्हा होता. पालकांनी उत्तरांची फी भरलेली होती, प्रश्नांची नव्हे. दुसऱ्या दिवशी सर तेच कोल्ड्रिंकच्या जाड बाटलीत करत, पण चिमूटभर सोडा घेऊन आणि झाकण घट्ट लावून. बाटली टणक व्हायची, दांडी जागची हलायची नाही. मग सर झाकण जरासं सैल करत. फुस्स आवाज यायचा आणि बाटली एवढीशी हलकी भरायची. त्या एका 'फुस्स'ला दहांतली दोन-तीन पोरं अशी गप्प व्हायची, की निजामोद्दीनलाही हातातला कपडा खाली ठेवावासा वाटायचा. काहीच हरवलेलं नसतं, ते फक्त झाकणातून निघून गेलेलं असतं, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलं नसायचं.

तिसऱ्या दिवशी धान्य. हे लातूर, इथं प्रत्येक पोराच्या घरात कुणी डाळ भरडतो, कुणी विकतो, कुणी पोती उचलतो. म्हणून सरांचे अणू कडधान्याचे. ऑक्सिजन म्हणजे हरभरा, लोखंड म्हणजे उडीद, हायड्रोजन म्हणजे मूग. टेबलावर खडूनं बाण काढायचा आणि डावीकडं जेवढे दाणे तेवढेच उजवीकडं भरायचे. नियम एकच: हरभऱ्याची डाळ करायची नाही.

हा नियम दरवर्षी कुणीतरी मोडतंच. लोखंड गंजायच्या समीकरणात डावीकडं दोन हरभरे येतात, उजवीकडं तीन लागतात. एका डाळमिलवाल्याच्या पोरानं एक हरभरा दातांनी फोडला, दोन डाळी मांडल्या आणि म्हणाला, "झाले तीन."

"हे दोनच हायत की रे," सर म्हणाले.

"सर, मोजा ना. एक, दोन, तीन."

"तुझ्या बापाच्या मिलला चालतंय ते. लोखंडाला न्हाई चालत. दोन्हीकडं भर टाकत जा, समान होईपर्यंत. फोडू नको."

ही हकीकत वैजनाथ सरांच्या कानावर गेली. त्यांनी त्या पोराला दुसऱ्याच दिवशी स्टार बॅचमध्ये हलवलं. म्हणाले, डोकं आहे.

यंदा जूनमध्ये वैजनाथ सर स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. खोलीत उभं राहून त्यांनी नजरेनंच खुर्च्या लावल्या.

"ऐंशी बसतील," ते म्हणाले.

"सर, फाउंडेशनचे तीन दिवस इथंच होतात," लिंबाजी सर म्हणाले.

"तेच म्हणतोय. तीन दिवसांसाठी वर्षभर खोली? दुसऱ्या क्लासवाले तीन दिवसांत सहा चॅप्टर उरकून राहिले." मग त्यांनी तोडगा काढला. "एक करू. येत्या रविवारी पालक मेळावा हाय. तिथं स्टेजवर करा तुमचा प्रयोग. पाचशे पालक बघतील. लोकांना आवडलं तर खोली राहिली, वर फलकावर 'प्रयोगातून शिक्षण' टाकू. न्हाई आवडलं तर सोमवारी खुर्च्या."

लिंबाजी सरांनी मान हलवली. त्यांना ते न्याय्य वाटलं. आपला प्रयोग कुणी बघितला तर आवडणारच, असा त्यांचा भाबडा हिशेब होता.

"फक्त ते बंद बाटलीवालं करा," वैजनाथ सर जाता जाता म्हणाले. "उघडं नको. वस्तुमान तेवढंच राहतं म्हणायचं आणि काट्यावर कमी दाखवायचं? पालक म्हणतील, क्लासमध्ये येऊन वजन घटतंय."

"आधी उघडंच करावं लागतं, सर. हरवल्याशिवाय शोधणार कसं?"

वैजनाथ सर जिना उतरून गेले. खाली गेल्यावर त्यांनी निजामोद्दीनला बोलावून घेतलं.

"चाचा, तुम्ही काटेवाले ना?"

"व्हय, सर. खानदानी."

"मग रविवारी काटा हलला न्हाई पायजे."

निजामोद्दीनला आधी कळलंच नाही. मग कळलं. सहसा अडकलेला काटा हलता करून घ्यायला माणसं येत. काटा हलू नये म्हणून सांगणारं उभ्या आयुष्यातलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"हलला तर सोमवारी खुर्च्या," वैजनाथ सर म्हणाले. "मग लॅब न्हाई, तर लॅब अटेंडंट कशाचा?"

त्या आठवड्यात निजामोद्दीननं स्वतःशी फार वाद घातला. आपल्या दुकानात कधी मापात खोट केली नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण इथं खोट कसली? नियम काय सांगतो, वजन तेवढंच राहतं. काटाही तेवढंच दाखवणार. म्हणजे आपण खऱ्यालाच हात देतोय. शिवाय खोली राहील, सर राहतील, दरवर्षी ती दोन-तीन पोरं गप्प होतील. शनिवारपर्यंत त्याची एवढी समजूत पटली, की सरांना सांगून टाकावं असंही त्याला वाटलं. पण सांगितलं नाही. तेवढ्यावरून तरी त्याला कळायला हवं होतं.

रविवारी हॉल सकाळी दहालाच भरला. चाकूर, हदगाव, देगलूर, कुठून कुठून माणसं एसटीनं आली होती. प्रत्येक खुर्चीवर एक पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, पेन आणि वैजनाथ सरांचा फोटो. स्टेजवर लिंबाजी सरांनी नऊ वाजताच तराजू लावला होता. पातेलं, पुडी, मापं. टिचकी मारून दांडी डुलवून घेतली, वर पांढरा कपडा टाकला आणि निजामोद्दीनला म्हणाले, "लक्ष ठेवा भाई, कुणी हात लावू नका म्हणावं."

"मी हाय की, सर."

पाहुणे दोन तास उशिरा आले. तेवढ्या वेळात सरांना निळा कोट घालायला आणि गेटवर हार घेऊन उभं राहायला पाठवलं गेलं. निजामोद्दीन कपड्याखाली वाकला आणि त्यानं खिशातला छोटा पेचकस काढला. इकडचा स्क्रू अर्धा फेरा, तिकडचा अर्धा फेरा. हाताला काम अजून आठवत होतं. दांडी सरळच्या सरळ राहिली, पण आता ती मेलेली होती.

भाषणं झाली. पाहुण्यांनी सांगितलं की आमच्या काळी क्लास नव्हते म्हणून आम्ही नेते झालो. टाळ्या पडल्या. मग वैजनाथ सर माईकवर आले. "आता आमचा रसायनांचा रणगाडा, एलएस सर, फक्त सात मिनिटांत!"

लिंबाजी सरांनी कपडा काढला. बोट पारड्याकडं गेलंच होतं. तेवढ्यात त्याच हातात वैजनाथ सरांनी माईक दिला. बोट माईकभोवती मिटलं.

"हे पातेलं, ही सोड्याची पुडी, आणि ही इकडं मापं," सर म्हणाले. "दोन्हीकडं सारखं. आता सोडा यात टाकतो. दांडीकडं लक्ष द्या."

फेस उठला. मागच्या रांगांतली माणसं उभी राहिली. एक लहान पोर टाळ्या वाजवायला लागलं. फेस चढला, कडेपर्यंत आला, खाली बसला. सर दांडीकडं बघत होते. सगळा हॉल दांडीकडं बघत होता.

दांडी हलली नाही.

सर माईकमध्ये काही म्हणायला गेले, तर तिथून फक्त श्वास ऐकू आला. वैजनाथ सर दुसरा माईक घेऊन पुढं झाले.

"बघितलं पालकहो? जेवढं होतं, तेवढंच! निसर्गाचा नियम! अचूकवेधमध्ये नियम पाठ करत न्हाईत, डोळ्यांनी दाखवतात!"

जोरात टाळ्या. निजामोद्दीननं पडद्याआडून श्वास सोडला. खोली राहिली, असं त्याला त्या क्षणी खरंच वाटलं.

टाळ्या थांबता थांबता सहाव्या रांगेत एक बाई उभी राहिली. चाकूरकडची साखराबाई, फाउंडेशन बॅचमधल्या दीपमालाची आई. हिरवं लुगडं, हातात ती पिशवी.

"ओ सर, तुमचा तराजू अडकलाय."

"आई, बस ना गं," दीपमालानं तिचा पदर ओढला.

"बस काय? मोकळा तराजू असा ऱ्हातो व्हय? एवढं भसाभसा उकळलं आन् दांडी जरा बी डुलली न्हाई. बोट लावून बघा बरं."

"ताई," वैजनाथ सर हसून म्हणाले, "हा सायन्सचा काटा आहे. बाजारातला न्हाई."

"काटा तर काटाच असतोय की ओ. धा वर्षं झाली सोयाबीन घिऊन मोंढ्यात येती मी. जोखताना समद्यात आधी दांडीच बघती, मग भाव इचारती."

हॉलमध्ये हशा पिकला, पण तो हशा तिच्या बाजूचा होता. वैजनाथ सरांनी या मेळाव्यासाठी सगळ्याचा विचार केला होता: पंखे, पिशव्या, पाहुण्यांचा हार. समोर बसलेल्या पाचशे माणसांचं अर्धं आयुष्य काट्यापुढं डोळ्यात तेल घालून उभं राहण्यात गेलं आहे, तेवढं एक त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"लावा की बोट!" मागून कुणी ओरडलं.

"लावा, लावा!"

लिंबाजी सरांनी माईक टेबलावर ठेवला आणि पारड्याला बोट लावलं. पारडं तसंच. त्यांनी जरा दाबलं. तसंच.

ते वाकले. पातेल्याकडं पाहिलं, त्याला झाकण नव्हतंच. मग दांडीच्या मधल्या स्क्रूंकडं पाहिलं. दोन्हीकडं बरोबर अर्धा फेरा, कुठं ओरखडा नाही, कुठं घाई नाही. असं काम करणारा हात लातुरात एकच उरला होता. सर सरळ झाले आणि त्यांनी मान वळवून पडद्याकडं पाहिलं.

निजामोद्दीन पडद्याआडच उभा होता. खिशातला पेचकस त्याला मांडीला लागत होता.

"कुणी आवळला ओ?" साखराबाईनं विचारलं. आता ती हसत नव्हती. "तुमीच का?"

"मास्तरच करून राहिला असंल," शेजारचा एकजण म्हणाला. "दुसरा कोण हात लावणार?"

"एलएस," वैजनाथ सर माईक झाकून, ओठ न हलवता म्हणाले, "प्रवासात आवळला गेला म्हणा. चाचाचं नाव घ्या पायजे तर. मी बघतो पुढचं. खोली तुमची."

सरांनी टेबलावरचा माईक उचलला नाही. त्यांनी नाव घेतलं असतं तर ते खरंच ठरलं असतं, आणि निजामोद्दीनला ते मनातून हवंही होतं. एकदाचं कुणीतरी म्हणावं. पाचशे माणसं वाट बघत होती. पहिल्या रांगेतली फाउंडेशनची पोरं सरांकडं बघत होती, आणि त्यांतल्या दोन-तीन पोरांच्या तोंडावर तीच, तिसऱ्या मजल्यावरची शांतता होती.

सरांनी निळा कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर टाकला. पँटच्या खिशातून एक रुपया काढला, त्याची कड स्क्रूच्या खाचेत बसवली आणि फिरवला. इकडं अर्धा, तिकडं अर्धा. मग बोटानं पारड्याला टिचकी मारली.

दांडी डुलली. एकदा, दोनदा, आणि पातेल्याचं पारडं हळूहळू, सगळ्यांना दिसेल असं, वर गेलं. मापांचं पारडं खाली टेकलं.

साखराबाई अजून उभीच होती. तिनं मान पुढं काढून बघितलं, पिशवी खुर्चीवर ठेवली.

"हां, आता बोलला तराजू," ती म्हणाली. "पण सर, कमी भरलं की ओ. कुणी काढलं तर दिसलं न्हाई. मग कुठं गेलं ते?"

दरवर्षी ज्या प्रश्नाची सर वाट बघत, तो आज सहाव्या रांगेतून आला होता. वैजनाथ सरांनी माईक त्यांच्यापुढं धरला. दीपमाला आईचा पदर सोडून आता सरांकडंच बघत होती.

सरांनी रुपया खिशात टाकला. तराजूकडं एकवार पाहिलं, पण तो उचलला नाही. स्टेजच्या बाजूच्या तीन पायऱ्या ते उतरले. पडद्याजवळून, निजामोद्दीनच्या हाताला बाही लागेल इतक्या जवळून गेले, आणि रांगांमधल्या वाटेनं, वळून न बघता, सैल झाकणातून वायू निघून जावा तसे दारातून बाहेर पडले.